अर्धं पोतं आत, अर्धं परत

माझ्या घरभरणीला पाहुण्यांनी भांडी आणली, भिंतीवरची घड्याळं आणली, एका साडूनं तर स्वतःचाच फोटो फ्रेम करून आणला. सर रिकाम्या हातानं आले. आल्या आल्या हॉलमधल्या खांबापाशी गेले, त्याच्यावर बोटाची पेरं आपटली आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"ह्याच्यावर काय ठेवणार आहेस? हत्ती?"

"तसं नाही सर. पुढं-मागं वरचा मजला चढवायचा झाला तर..."

"वर कोण राहणार?"

"मुलगा."

"कुठं असतो?"

"बेंगळूरला."

"परत येणार आहे?"

मुलगा समोरच जिलेबी वाढत होता. त्यानं ताट उचललं आणि गुपचूप स्वयंपाकघरात निघून गेला. सरांना उत्तर मिळालं. मग ते गच्चीवर गेले. वरच्या मजल्याच्या आशेनं मी खांबांतून सळया बाहेर सोडून ठेवल्या होत्या, त्यांना लागलेला गंज त्यांनी बोटानं खरवडून बघितला. खाली येऊन माझ्या सासऱ्यांच्या शेजारच्या पाटावर बसले आणि शांतपणे म्हणाले, "तुमचा जावई घाबरट आहे. ह्या घरात जेवढं सिमेंट आहे ना, त्यातलं निम्मं नुसती भीती आहे."

सासऱ्यांना ही गोष्ट लग्नापासून ठाऊक होती. पण ती जेवताना ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

सर म्हणजे माझे कॉलेजातले सर. धारवाडला इंजिनिअरिंगच्या मुलांना ते काँक्रीट शिकवत, आणि शिकवता शिकवता त्याची अशी काही निंदा करत की पेपर लिहिताना आपण चोरटा धंदा शिकतोय असं वाटावं. टेबलावर चुनखडीचा एक दगड असे. पहिल्याच तासाला तो उचलून ते सांगत, "ह्याच्या पोटात वायू कोंडलाय. युगानुयुगं गप बसलाय बिचारा. तुम्ही ह्याला भट्टीत घालता, वायू मोकाट सोडता, आणि उरलेलं दळून पोत्यात भरता. त्याला म्हणता सिमेंट. भट्टी कोळशावर चालवा नाहीतर तुळशीच्या काड्यांवर चालवा, दगडाच्या पोटातलं बाहेर येणारच. म्हणून कमी वापरा. कमी वापरायला अक्कल लागते, तेव्हा तुमच्यापैकी कुणी वापरेल अशी मला आशा नाही."

मागच्या बाकावरून मी विचारलं होतं, "सर, मग घर कशाचं बांधायचं?"

"आधी ठरव, घर बांधायचंय का शेजाऱ्याला दाखवायचंय."

सिमेंटला ते भीतीचं पीठ म्हणत. मालक घाबरतो, तो एक मूठ जास्त घालायला लावतो. इंजिनिअर घाबरतो, तो दोन मुठी. मेस्त्री ह्या दोघांनाही घाबरतो, म्हणून तो वरनं एक घमेलं ओततो. हुबळी-धारवाड रस्त्यावर बसमधून जाताना सर खिडकीशी बसत आणि दोन्ही बाजूंची बांधकामं बघत सारखे चुकचुकत. शेजारच्या प्रवाशाला वाटे, ह्यांच्या घरी कुणीतरी गेलंय. एकदा एका बाईनं त्यांना केळं दिलं आणि "धीर धरा अण्णा" म्हणाली. सरांनी केळं खाल्लं आणि तिला बाहेरच्या एका पाण्याच्या टाकीचे पाय दाखवले. बाई पुढच्या थांब्यावर उतरली.

एवढ्या थोर माणसाकडून शिकून मी काय केलं? रायापूरजवळच्या एका रेडीमिक्सच्या कारखान्यात लागलो, जिथं काँक्रीट कालवून गाड्यांतून घरपोच पाठवतात. पुढं मोठी गिऱ्हाइकं 'तुमच्या काँक्रीटचा कार्बन किती' असं विचारायला लागली, तेव्हा साहेबांनी मला पर्यावरण अधिकारी केलं, कारण बाकीचे सगळे कामात होते. माझ्या खात्यात मी, एक खुर्ची आणि हिरव्या रंगाचा एक डबा. डब्यातला रंग आम्ही गाड्यांना दिला. गाड्यांच्या पोटात जे होतं ते तेच राहिलं.

त्या वर्षी फाटकापाशी झाड लावायचं ठरलं. रोपाभोवती आम्ही काँक्रीटचं कडं ओतलं, त्याच्यावर कारखान्याचं नाव कोरलं, आणि मला अवदसा आठवली म्हणून मी सरांना पाहुणे म्हणून बोलावलं. सर कानडीत बोलले, आणि अगदी थोडकं बोलले. "रोप छान आहे. पण ह्याच्याभोवती तुम्ही जो तुरुंग ओतलाय त्याचा धूर गिळायला ह्याला हा जन्म पुरणार नाही. कैद्याला माझ्या शुभेच्छा." कामगार शिट्ट्या वाजवायला लागले. साहेब परगावचे, त्यांना कानडीतला एक शब्द कळत नव्हता, त्यामुळं त्यांनीही जोरात टाळ्या वाजवल्या. मग माझ्याकडं वळून विचारलं, काय म्हणाले? मी भाषांतर करून सांगितलं. शब्दाला शब्द. इतकं चोख भाषांतर माझ्या हातून पुन्हा कधी झालं नाही. दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची बदलली. आधीच्या खुर्चीला पाठ होती.

सर धारवाडातच, मळमड्डीत एका म्हाताऱ्या बाईंच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचे. (आता ते तिथं नाहीत. म्हैसूरला बहिणीकडं असतात आणि तिथल्या गच्च्यांना नावं ठेवतात असं ऐकतो.) परसात पाण्याचा हौद होता आणि हौदात काँक्रीटचे ठोकळे भिजत पडलेले असत. ठोकळ्यांचा रंग फिक्कट गुलाबी. सिमेंटचा मोठा वाटा काढून टाकून त्या जागी सर फुटक्या कौलांचं पीठ आणि न भाजलेल्या चुनखडीची भुकटी घालायचे. अळणावरच्या बाजूला कौलांच्या भट्ट्यांवर फुटक्या कौलांचे ढीग पडलेले असत. ती एकदा भाजून झालेली, म्हणजे त्यांच्यासाठी नवा धूर काढायला नको. मालकीणबाई जुन्या ठोकळ्यांवर सांडगे वाळत घालत. गल्लीतल्या कितीतरी दारांना वाऱ्यानं आपटू नये म्हणून तेच ठोकळे लावलेले असत. "सर, तुमचं संशोधन फार उपयोगी पडतंय हं," असं बाई मनापासून म्हणत, आणि सर दोन दिवस त्यांच्याशी बोलत नसत.

ह्या गुलाबी काँक्रीटची खोड एकच. ते सावकाश घट्ट होतं. शेवटी पोचतं नेहमीच्याच ताकदीला, पण रमत-गमत. हे मला सरांनी वर्गात सांगितलं होतं, घरी सांगितलं होतं, बसमध्ये सांगितलं होतं. तरीही साहेबांवर छाप पाडावी म्हणून मी हौदातला एक ठोकळा उचलून कारखान्यात नेला आणि सगळ्यांसमोर दाबून बघायच्या यंत्रात ठेवला. कळ दाबली. ठोकळ्यानं चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा जीव सोडला.

भुगा रुमालात बांधून मी मळमड्डीला गेलो.

"कुठल्या बाजूचा उचललास?" सरांनी विचारलं.

"अलीकडचा, सर. म्हटलं ताजा असेल."

"ताजा? भजी आहेत काय ती? हुच्चप्पा!" कानडीत वेड्याला असं म्हणतात, आणि मला ते लाडानं तशी हाक मारत. "पाळण्यातलं पोर उचलून कुस्तीच्या फडात सोडलंस, आणि हरलं म्हणून रडत माझ्याकडं आलास!"

सर निवृत्त झाले तरी त्यांच्या ह्या मिश्रणाचं छत कुणी कुठं टाकलं नव्हतं. बिल्डर चहा पाजून वाटेला लावत. काँक्रीट ह्या रंगाचं असतं का, असं विचारत. काळपट करडं दिसलं की आपल्याकडं लोकांना ते मजबूत वाटतं, गुलाबी दिसलं की बर्फी वाटते. सरांनी कधी कुणापुढं हात जोडले नाहीत, पण एकदा हौदाच्या कठड्यावर बसून मला म्हणाले, "एक छत द्या रे मला कुणीतरी. पाहिजे तर संडासाचं द्या. ठोकळ्याखाली कुणी राहत नाही."

हे वाक्य मला लागलं. आणि मला काही लागलं की मी काहीतरी करतो, हीच तर अडचण आहे.

मी वाढलो ती हुबळीतली वस्ती आमच्या बौद्ध समाजाची. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी. विहाराच्या बाजूला मुलांना अभ्यासाला बसायला एक मोठी खोली बांधायचं बरीच वर्षं चाललं होतं. भिंती उभ्या राहिल्या होत्या, छत राहिलं होतं. वस्तीचा कारभार शांताक्काकडं. शांताक्का एका वसतिगृहात स्वयंपाक करायची आणि तिथल्या मुलांना ज्या आवाजात जेवायला बोलवायची त्याच आवाजात घरीही बोलायची. चांगलं म्हणून तिनं कुणाला कधी म्हटलं नाही. मला ती तम्मा म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ, पण ते तिच्या तोंडून 'गाढवा'सारखं ऐकू येतं. मी सरांचं नाव काढल्यावर ती म्हणाली, "फुकट करतोय न्हवं? मग येऊ दे. पडलं तर त्याच्याच डोक्यावर पाडू."

सर आले. भिंतींवर पेरं आपटली, नाक मुरडलं आणि अटी घातल्या. छताची जाडी ते ठरवतील. रंगावर कुणी बोलायचं नाही. खालचे टेकू ते म्हणतील तेव्हाच निघतील. आणि सिमेंट ते सांगतील तेवढंच, वर एक मूठसुद्धा नाही. परत जाताना बसमध्ये ते चुकचुकले नाहीत. मला जरा काळजीच वाटली.

स्लॅब टाकायच्या आधीच्या रविवारी वंदना झाल्यावर वस्तीची बैठक होती. माझ्या हातात माईक आला. माईक हातात आला की माझ्या डोक्यात काय होतं ते डॉक्टरांनाही सांगता येणार नाही. सरांनी सांगितलेलं सिमेंट जमवायचं, एवढंच माझं काम होतं. मी छाती फुगवून म्हणालो, "ही खोली कुणा एकाची नाही! घरटी एक पोतं सिमेंट!"

केवढ्या टाळ्या पडल्या!

आता आमच्या वस्तीची एक रीत आहे. समाजाचं काही बांधायचं निघालं की प्रत्येक घर आपला वाटा स्वतः उचलून आणतं आणि स्वतःच्या हातानं त्यात घालतं. आणलेली वस्तू परत पाठवली, तर त्या घराला मोजलंच नाही असं होतं. त्या रीतीत मी लहानाचा मोठा झालो होतो. फक्त वस्तीत घरं किती आहेत एवढं त्या क्षणी माझ्या ध्यानात राहिलं नाही.

स्लॅबच्या दिवशी सकाळी पोती यायला लागली. सायकलवरून, हातगाडीवरून, रिक्षात मांडीवर घेऊन. प्रत्येकावर कोळशानं घरातल्या कुणाचं तरी नाव लिहिलेलं. शांताक्कानं नातीचं नाव घातलं होतं. बायका नव्या साड्यांत, मिक्सरवाल्यानं नारळ फोडलेला, कामगारांचं उप्पीट खाऊन झालेलं, आणि भिंतीच्या कडेनं पोत्यांची थप्पी वाढत चाललेली. सर फाटकातून आत आले आणि थप्पीपाशी थांबले.

"हे काय?"

"लोकवर्गणी, सर."

"किती लागणार ते मी तुला सांगितलं होतं?"

"होय सर."

"मग हे?"

"जरा जास्त झालं."

"जरा? दुप्पट आहे! अर्धी परत पाठव."

"सर, परत पाठवता येत नाहीत."

"का? हातगाडी मोडली?"

शांताक्काच्या कानावर 'परत' पडलं. ती पदर खोचत आली. "काय रे तम्मा? काय परत?"

"काही नाही अक्का. सर म्हणतात, थोडी पोती कमी चालतील."

"कुणाची?"

ह्या एका शब्दावर विषय मिटला असता, पण सरांना राहवलं नाही. भर अंगणात, नव्या साड्या नेसलेल्या बायकांपुढं त्यांनी चुनखडीचं व्याख्यान लावलं. दगड, पोटातला वायू, भट्टी, धूर. "एकेका पोत्यामागं केवढा धूर सुटतो, कळतंय का? अख्खं जग तापत चाललंय, आणि तुम्ही हौसेनं पोती घेऊन नाचताय! नुसती भीती आहे ही. भीती आणि मिरवणूक!"

मग शांताक्काचा जेवायला बोलावायचा आवाज लागला.

"कोण तापवतंय हो साहेब? आमी? माझ्या घरावर पत्रा हाय. वैशाखात दुपारचं या, आत घटकाभर बसा, मग सांगा कोण तापतंय ते. जल्मात पैलं पोतं इकत आणलंय मी सिमेंटचं. पैलं! त्या रायापुरात ह्या तम्माच्या घराला हत्तीला बांधायचे खांब हायत म्हणं. तिथं जाऊन सांगा की, धूर कमी कर म्हणून!"

"सांगितलंय, अक्का," मी म्हणालो. "पंगतीत सांगितलंय."

"तू गप रे!" हे दोघंही एकदम म्हणाली.

सरांनी व्याख्यान तिथंच सोडलं. असं होताना मी तरी कधी पाहिलं नव्हतं. ते वळले आणि पाण्याच्या टँकरमागं दिसेनासे झाले. बसथांबा त्याच दिशेला होता. मिक्सरवाला माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "म्हातारा गेला. नेहमीचंच कालवून टाकू काय? सगळी पोती बसतात." बायका बघत होत्या. पोती बसत होती. कुणी दुखावणार नव्हतं. माझी मान 'हो' म्हणायला निम्मी खाली गेली होती, तेवढ्यात टँकरमागून सर बाहेर आले. तोंड धुतलेलं, शर्ट पुढून भिजलेला.

"पहिलं पोतं कुणाचं?"

"माझं," शांताक्का म्हणाली.

"उघड. अर्धं आत, अर्धं परत घरी. सगळ्यांचं तसंच. ज्याला पूर्ण ओतायचंय त्यानं आधी मला मिक्सरमध्ये टाकावं."

शांताक्कानं क्षणभर पोत्याकडं बघितलं. "आन् नाव? नाव अर्धंच लागंल."

"नाव अर्धं लागत नाही. लागलं तर पुरतं लागतं."

"मग असं आधी सांगायचं की! एवढं शिकलाय, आन् सरळ बोलायला येत न्हाई."

मग काय विचारता. कौलांचं पीठ, चुनखडीची भुकटी आणि घराघराचं अर्धं अर्धं पोतं. मध्ये खंड पडला तर छताला सांधा राहतो, म्हणून सर मिक्सरपाशी उभं राहून बायकांवर कंडक्टरसारखे ओरडत होते. "चला, पुढं चला, आत मोकळं आहे!" एका म्हाताऱ्यानं हळूच पुरतं पोतं ओतायला घेतलं, तर सरांनी त्याचं मनगटच धरलं. दुपारपर्यंत छत टाकून झालं. वर जाऊन बघितलं तर गुलाबी. शांताक्का म्हणाली, "कुणी डाळिंब सांडलं काय?" पण रंगावर बोलायचं नाही ही अट तिला आठवली असावी, कारण ती एवढ्यावरच थांबली.

दुसऱ्या दिवशी सरांच्या लक्षात आलं ते माझ्या लक्षात येणं शक्यच नव्हतं. उघडं सिमेंट दमट हवेत चार दिवसांत दगड होतं, आणि आता वस्तीत घराघरात एक उघडं पोतं होतं. त्यानंतर रोज सकाळच्या बसनं सर हुबळीला यायचे. छतावर मातीच्या आळ्यांत पाणी साठवून ठेवलं होतं, ते बघायचे, आणि मग दारोदार फिरायचे. जन्मभर ज्यांनी 'वापरू नका' म्हणून जग डोक्यावर घेतलं, ते आता दारात उभे राहून ओरडत होते, "अजून वापरलं नाही? वाळत घालायला आणलंय काय?" प्रत्येकाला ते कौलांचं पीठही द्यायचे, म्हणजे अर्धं पोतं पुरून उरावं. कुणी न्हाणी केली, कुणी दारापुढं ओटा, कुणी धुणं धुवायचा कट्टा. सगळं गुलाबी. सेंट्रिंगवाला रोज फोन करायचा की छताला खालून लावलेले माझे पत्रे अडकलेत, दुसरीकडं काम आहे, आता काढू द्या. सर त्याला म्हणायचे, "तुझे पत्रे कुठंही जातील. माझं छत इथंच राहायचंय."

शेवटी टेकू काढायचा दिवस ठरला. सगळ्यांना बाहेर काढून सर एकटे खोलीच्या मधोमध उभे राहिले. शांताक्का आत शिरली.

"बाहेर हो," सर म्हणाले.

"माझं नाव हाय वर."

"पडलं तर?"

"तर तुमच्या डोक्यावर पाडायचं ठरलंय. बघायला नको?"

दोघं हाताची घडी घालून, एकमेकांकडं न बघता उभी राहिली. मधला टेकू निघाला, मग त्याच्या बाजूचे, मग कडेचे. मी रस्त्याच्या पलीकडून देखरेख करत होतो. एकेक पत्रा खणखणत खाली येत होता, आणि दर वेळी मी खांद्यात मान घालत होतो. शेवटचा पत्रा आला. छत जागचं हललं नाही. सरांच्या टकलावर थोडी गुलाबी धूळ पडली, ती त्यांनी झटकली नाही.

ही बातमी आमच्या साहेबांपर्यंत पोचली, आणि छत आमच्या कारखान्यानंच टाकल्यासारखं वातावरण झालं. फोटोग्राफर घेऊन ते येणार होते. किती कार्बन वाचवला त्याचा आकडा फलकावर लिहायचा होता. मी रात्रभर बेरीज-वजाबाकी करून आकडा काढला आणि सरांची मान हलवून घ्यायला वस्तीत गेलो. सरांनी आकडा बघितला, माझा दंड धरला आणि मला गल्लीत नेलं.

"ही न्हाणी बघ. तो ओटा बघ. तो कट्टा. ही चूल. तू जे वाचलं म्हणतोस ते इथं आहे."

"मग सर, बचत किती लिहू?"

"शून्य."

"शून्य कसं लिहू सर? फलक केवढा आहे!"

"तुझ्या साहेबाला म्हणावं, तुमच्या गाड्या हत्तीचे खांब ओततात त्यांतलं सिमेंट कमी करून दाखव, मग मी स्वतः येऊन टाळ्या वाजवतो. इथलं वाचलेलं नाही. ज्यांना कधी मिळालं नव्हतं त्यांच्यात वाटलं गेलंय. ते तुमच्या फलकावर घ्यायचं नाही."

बोलत बोलत आम्ही शांताक्काच्या दारापर्यंत आलो होतो. डब्यात घट्ट झाकून ठेवलेल्या सिमेंटची तिनं त्याच सकाळी उंबऱ्यापुढची पायरी केली होती. गुळगुळीत घोटलेली, ओली.

"साहेब, थांबा! ओल्यात पाय!" ती आतून ओरडली.

सर एका पायावर थांबले. मग चपला हातात घेतल्या, आणि ज्या माणसानं भेटलेल्या प्रत्येक बांधकामावर पेरं आपटली, तो भिंतीला धरून, गटाराच्या कडेकडेनं, तोल सांभाळत त्या पायरीला वळसा घालून पलीकडं गेला.

मी त्यांच्या मागोमाग निघालो. माझा पाय घोट्यापर्यंत आत गेला.

शांताक्का दारात आली. पायरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "शिकून अधिकारी झालास रे तम्मा, आन् पाय कुठं ठेवायचा ते कळंना!"

पलीकडं सर भिंतीला टेकून हसत होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना तेवढं एकदाच हसवू शकलो.